घाट चालू आहे का?

महाड-पोलादपूरच्या माणसाला पावसाळ्यात जगाचं ज्ञान नको असतं. त्याला एवढंच हवं असतं : घाट चालू आहे का? कुठला घाट, ते ज्याच्या त्याच्या सासुरवाडीवर अवलंबून. भोरकडे जाणाऱ्याचा वरंध, महाबळेश्वरकडे जाणाऱ्याचा आंबेनळी, खेडकडे जाणाऱ्याचा कशेडी. उरला मुंबई-गोवा महामार्ग. त्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ पासून चालू आहे, आणि आमच्याकडे ऊन-पाऊस न बघता बारमाही चालू असणारी ती एकमेव गोष्ट आहे.

पूर्वी हा प्रश्न एसटी स्टँडवर विचारायची पद्धत होती. चौकशीच्या खिडकीतला माणूस मान वर न करता ‘बंद’ म्हणायचा. तो घाटाबद्दल बोलतोय, गाडीबद्दल बोलतोय की खिडकीबद्दल, हे आपण ठरवायचं. शहाणी माणसं खिडकीकडे जातच नसत. ती वरून आलेल्या गाडीची चाकं बघत. चाकांना ताजा लाल चिखल असला की घाट चालू, पण दरड घसरलेली. चाकं स्वच्छ असली की घाट चालू आणि पाऊस जोरात. गाडीच आली नाही, तर चहा सांगायचा.

आता खिशात फोन आहे. त्यात ‘वरंध घाट चालू आहे का’ एवढं टाकलं की क्षणात निकाल. सगळ्यात वर ड्रोनमधून घेतलेला व्हिडिओ. ढग, वळणं, हिरवळ, आणि मागे असं गाणं, की घाट बंद असला तरी माणसाला वाटावं, चला, दरीतून जाऊ. त्याखालच्या रीलमध्ये एक मुलगा घाटातल्या वाघजाईच्या देवळाजवळ कांदाभजी खातोय. भजी तोंडात जाते, तो डोळे मिटतो, मान हलवतो. डोळे उघडेपर्यंत रील संपते, त्यामुळे त्याच्या पाठीमागे रस्ता शिल्लक आहे का, हे कळायला मार्ग नाही. तिसऱ्या जागी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश : घाट अवजड वाहनांसाठी बंद. माणूस हुश्श करतो, बॅग खाली ठेवतो, आणि मग तारीख बघतो. आदेश मागच्याच्या मागच्या पावसाळ्यातला. चौथ्या जागी ‘आत्ताची मोठी अपडेट’. आत्ता म्हणजे कधी, असं विचारणं अरसिकपणाचं असतं.

गणपतीला तर या ‘आत्ता’चा कहर होतो. विक्रोळीहून निघायच्या आदल्या रात्री चाकरमानी विचारतो, कशेडीचा बोगदा चालू आहे का? त्याला २०२३ च्या गणपतीतला बोगदा दाखवतात, जेव्हा एकच बाजू लहान गाड्यांना उघडली होती. मग त्याच्या पुढच्या वर्षीचा. प्रत्येक व्हिडिओतला निवेदक गाडी चालवता चालवता तितक्याच उत्साहाने ओरडतो, ‘मित्रांनो, बोगदा सुरू झालाय!’ एक बोगदा किती वेळा सुरू होऊ शकतो, याला काही मर्यादा दिसत नाही.

हे असं का झालं, याची थोडी कुळकथा सांगायला हवी. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये गुगल काढलं, तेव्हा त्यांची युक्ती साधी होती. ज्या पानाकडे बाकीची पानं बोट दाखवतात ते पान महत्त्वाचं, आणि बोट दाखवणारं पान स्वतः वजनदार असेल तर त्या बोटालाही वजन जास्त. जगाने तोंडात बोट घातलं. कोकणातल्या माणसाला यात काही नवल वाटायचं कारण नव्हतं, कारण मुलीचं लग्न जमवताना आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हेच गणित वापरत आलो. मुलाबद्दल चौघांनी बरं सांगितलं तर मुलगा बरा, आणि चौघांत एक हेडमास्तर असले तर सुपारी फोडायला हरकत नाही.

पण या गणिताला एक अट होती. कुणीतरी बसून लिहायला हवं, आणि लिहिताना दुसऱ्याचं नाव घ्यायला हवं. निवृत्त गुरुजी गावाची माहिती लिहीत, खाली शेजारच्या गावच्या देवळाचा दुवा देत. त्या गुरुजींचा नातू आता रील करतो. त्यात दुसऱ्याचं नाव कुठे घेणार? रीलमध्ये बोट असतं, पण ते फक्त खाली दाखवतं, जिथे ‘फॉलो करा’ लिहिलेलं असतं. हेडमास्तरांचं मत संपलं. उरली वरात. ज्याच्या मागे गर्दी मोठी, तो नवरदेव.

गुगलला हे दिसत नव्हतं असं नाही. डिसेंबर २००९ मध्ये त्यांनी ट्विटरवरची बडबड थेट निकालांत दाखवायला सुरुवात केली. जुलै २०११ मध्ये करार संपला आणि ती दाखवणं थांबलं. त्याच सुमारास त्यांनी स्वतःचं गुगल प्लस काढलं आणि २०१९ मध्ये गुंडाळलं. त्याच्यावर आमच्या गावातला कुणीच नव्हता. बहुधा इतर गावांतलाही नसावा. मधे २०१४ मध्ये त्यांच्याच मॅट कट्स यांनी स्पष्ट सांगितलं, की फेसबुकवरचे लाइक आणि ट्विटरवरचे फॉलोअर आम्ही क्रम लावताना धरत नाही. माणूस खरं बोलत असणार. पण धरायची गरजच काय? एखादा धबधबा रीलमध्ये गाजला, की लोक त्याचं नाव टाकून शोधायला लागतात. लोक शोधतात म्हणून वृत्तवाहिन्या बातमी करतात. बातमीला दुवे मिळतात. आणि दुवे मात्र मोजले जातात. लाइकला पुढच्या दाराने बंदी होती, तो परसदारातून येऊन माजघरात बसला.

मग जुलै २०२२ मध्ये गुगलचे प्रभाकर राघवन एका जाहीर कार्यक्रमात म्हणाले, की आमच्या पाहणीप्रमाणे जेवायची जागा शोधणारी जवळजवळ ४० टक्के तरुण मंडळी आमच्याकडे येतच नाहीत, टिकटॉक किंवा इन्स्टाग्रामवर जातात. आपल्याकडे टिकटॉकवर जून २०२० मध्येच बंदी आली होती, तेव्हा सगळा भार इन्स्टाग्रामवर पडला. माझी पुतणी महाडात बसून महाडातलीच मिसळ इन्स्टाग्रामवर शोधते. तिला म्हटलं, अगं, समोरच्या काकांना विचार. ती म्हणाली, “काका, त्यांनी खाल्लीय हे कशावरून?” या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नाही. पुरावा म्हणून काकांनी डोळे मिटून मान हलवायला हवी होती.

पुढे १० जुलै २०२५ पासून इन्स्टाग्रामने व्यावसायिक खात्यांवरच्या जाहीर पोस्ट बाहेरच्या शोधयंत्रांना खुल्या केल्या. म्हणजे वाघजाईजवळची भजी आता अधिकृतपणे माहिती झाली.

तळीयेची गोष्ट यातच मोडते, पण ती हसत सांगता येणार नाही. आमच्याकडच्या कुठल्याही वाडीचं नाव टाका, पूर्वी एकाच साच्यातून काढलेली पानं यायची. २०११ च्या जनगणनेनुसार पुरुष इतके, स्त्रिया इतक्या, तालुका महाड, जवळचं रेल्वे स्टेशन वीर, आणि तळाला ‘या गावातील उत्तम हॉटेलं’ असा रिकामा रकाना. ते पान कुणी लिहिलेलं नसायचं आणि कुणी वाचायचंही नाही. २२ जुलै २०२१ च्या गुरुवारी तळीयेच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सहाशे मिलिमीटरच्या घरात पाऊस झाला होता, महाड सावित्रीच्या पाण्यात होतं, रस्ते तुटलेले, वीज गेलेली. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं होतं त्यांच्या फोनला रेंज नव्हती. रेंज होती ती दुसऱ्या दिवशी वरून फिरणाऱ्या कॅमेऱ्यांना.

तेव्हापासून शोधयंत्राच्या लेखी तळीये म्हणजे तो एक दिवस. इंग्रजी बातम्यांनी गावाचं नाव तलाई, तलिये, तालिया असं जमेल तसं लिहिलं, त्यामुळे त्याच्या दृष्टीने तिथे तीन गावं आहेत आणि तिन्हींवर दरड आहे. दर जुलैला तीच दृश्यं नव्या संगीतासकट पुन्हा वर येतात. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या, तिथेही माणसं गेली. ती नावं तालुक्याबाहेर फारशी कुणाच्या तोंडी नाहीत, कारण तिकडे कॅमेरे कमी गेले. तळीयेच्या लोकांची घरं म्हाडाने बांधून द्यायची असं ठरलं. त्यातली किती उभी राहिली, कुणाला चाव्या मिळाल्या, पाणी आलं का, हे शोधायला बसा. आधी दरड ओलांडावी लागते. पुनर्वसनाची रील चालत नाही. त्यात भिंती हळूहळू उभ्या राहतात, आणि पंधरा सेकंदांत भिंत उभी राहत नाही.

शिवथरघळीचं तसं बरं आहे. ती निदान पडत नाही. समर्थ रामदासांनी दासबोध इथे लिहिला, अशी परंपरा. मधल्या काळात ही घळ कुठली ते लोक विसरून गेले होते. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये ती शोधून काढली. समर्थ संप्रदायाची जुनी बाडं गोळा करण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, असा हा माणूस. त्यांना घळ पहिल्याच निकालात मिळाली नाही, आणि त्यांना कुणी ‘लोकेशनसाठी कमेंटमध्ये पाऊस लिहा’ असंही सांगितलं नाही. आता नाव टाकलं की कळतं, की रायगड जिल्ह्यात एक ‘सीक्रेट’ धबधबा असून त्याच्यामागे एक ‘अननोन’ गुहा आहे. गुहेच्या दाराशी पायऱ्या, रेलिंग आणि चपला ठेवायची जागा आहे, हे अज्ञात स्थळाच्या मानाने विशेषच. जिथे ७७५१ ओव्यांचा ग्रंथ तयार झाला, तिची माहिती एका ओवीएवढ्या वेळात आटोपते. दासबोधात मूर्खलक्षणांचा स्वतंत्र समास आहे, पढतमूर्खांचा आहे, अगदी अक्षर कसं काढावं याचाही आहे. चित्रीकरणावर समर्थांनी एकही समास खर्च केला नाही, ही उणीव दर शनिवार-रविवारी भासते.

या ‘सीक्रेट’ मंडळींची आणखी एक खोड म्हणजे गावाचं नाव न सांगणं. फार तर ‘रायगड’ असं लिहायचं. रायगड हा किल्लाही आहे आणि जिल्हाही आहे. जिल्हा अलिबागच्या समुद्रापासून पोलादपूरच्या डोंगरापर्यंत पसरलाय. त्यामुळे धबधब्याखाली भिजायला निघालेली चार पोरं पाचाडला येऊन रोपवेच्या रांगेत उभी राहिलेली आढळतात. ७ जुलै २०२४ ला गडावर ढगफुटीसारखा पाऊस झाला. पायऱ्यांवरून पाणी कोसळतंय आणि पर्यटक कडेला धरून उभे आहेत, असा व्हिडिओ देशभर फिरला. प्रशासनाने गड काही दिवस बंद केला. त्याच व्हिडिओखाली लोक मात्र विचारत होते, असं पाणी बघायला कुठल्या महिन्यात यावं?

नकाशावरच्या ताऱ्यांचा प्रकार तर मनोरंजनाला पुरून उरतो. आमच्याकडच्या ग्रामदेवतांना आता गुण मिळतात. ‘देव जागृत आहे, पण पार्किंग नाही’ म्हणून तीन तारे. आरोग्य केंद्राला दोन तारे, कारण ‘डॉक्टर जेवायला गेले होते’. स्मशानाला पाच. तक्रार करायला कुणी परत आलेलं नसावं.

आणि हे सगळं वाचून आता यंत्र स्वतःच उत्तर लिहायला लागलंय. मे २०२४ मध्ये गुगलने निकालांच्या वर स्वतःचं तयार उत्तर द्यायला सुरुवात केली. कुणीतरी विचारलं, पिझ्झ्यावरचं चीज घसरतं, काय करू? यंत्राने सांगितलं, थोडा विषारी नसलेला डिंक घाला. हा सल्ला रेडिटवर कुणीतरी अकरा वर्षांपूर्वी गंमत म्हणून लिहिला होता. त्याच रेडिटवरचं लिखाण वापरण्यासाठी गुगलने त्याच वर्षी करार केला, आणि त्याची रक्कम वर्षाला ६ कोटी डॉलर असल्याच्या बातम्या आल्या. सहा कोटी देऊन डिंक! आमच्याकडचे लोक कमेंटमध्ये काय काय लिहितात ते आठवून मला तर घामच फुटला. उद्या कुणी टवाळाने लिहिलं, की वरंध घाट उतरायचा पास भजीवाल्याकडे मिळतो, तर यंत्र ते गंभीरपणे सांगणार, आणि पुण्याहून आलेली माणसं आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन भजीवाल्यापुढे रांग लावणार. भजीवालाही हुशार. तो शिक्का बनवून घेईल.

मग खरी माहिती आहे कुठे? ती आहे, आणि अगदी ताजी आहे. ती आमच्या ग्रामस्थ मंडळ (मुंबई) या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. तिथे ‘घाट चालू आहे का’ विचारलं, की आधी सुप्रभातची फुलं येतात, मग कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक येतो, एक दादा ‘कृपया ग्रुपवर विषयाला धरून बोलावे’ असं विषय सोडून लिहितो. आणि मग नानांचा आवाज येतो. नाना टाइप करत नाहीत. फोन तोंडाशी धरून, मागे पावसाचा ताशा वाजत असताना ते सांगतात, “घाट चालू हाय. पन वरच्या मोरीपाशी माती आलीय, येक बाजू सोडून जावा. रातचं येऊ नका.” बारा सेकंद. ना ड्रोन, ना गाणं, ना फॉलो करा. अख्ख्या इंटरनेटवर त्या दिवशीचं हे एकच बरोबर उत्तर असतं, आणि ते अशा खोलीत असतं, जिथे कुठल्याही शोधयंत्राला शिरकाव नाही. ग्रुपमध्ये नसलेल्या माणसाच्या वाट्याला डोळे मिटलेला मुलगाच येतो.

सरकारी माहितीचंही तेच. महाडला सावित्रीची धोक्याची पातळी ६.५० मीटर. पाणी कितीवर आहे याचा तक्ता पावसाळ्यात नेमाने निघतो, पुष्कळ काळजीने तयार होतो, आणि आमच्यापर्यंत पोचतो तो कागदाच्या फोटोच्या रूपात. फोटो थोडा तिरका, कोपऱ्यात अंगठा, नेमकी वेळ लिहिलेली जागा घडीत गेलेली. घाट बंदचा आदेशही तसाच. सही-शिक्का ठळक, तारीख पुसट. तो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर जाताना दर वेळी आणखी धूसर होतो, आणि दोन वर्षांनी कुणीतरी तो पुन्हा पाठवतो तेव्हा नवाकोरा वाटतो. शोधणाऱ्या माणसाला त्यातलं अक्षरही सापडत नाही. मग रील पहिली आली म्हणून तिच्यावर चिडण्यात काय अर्थ? मैदानात दुसरा पैलवान उतरलाच नाही, तर मातीत नाचणाऱ्याला गदा द्यावी लागते.

महाड नगरपालिकेचा भोंगा मात्र यातून सुटलाय. पाणी चढायला लागलं की तो वाजतो. त्याला लाइक लागत नाहीत, आणि मागच्या वर्षीचा भोंगा यंदा ऐकू येत नाही.

म्हणून पुढचा पाऊस लागायच्या आत दोन विनवण्या. पहिली तहसील, बांधकाम खातं आणि ग्रामपंचायतींना. साहेब, आदेशाचा फोटो खुशाल काढा, पण सोबत चार ओळी टाइप करून संकेतस्थळावर टाका : कुठला घाट, कुठल्या गाड्यांना बंद, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. घाट उघडला की तेही लिहा, बंदचा कागद तसाच लटकत ठेवू नका. आणि रीलवाल्या पोरांनो, तुम्ही या. भजी खा, डोळे मिटा, आमची काही हरकत नाही. फक्त खाली गावाचं नाव लिहा, तारीख लिहा, आणि त्या दिवशी रस्ता कसा होता तेही एका ओळीत लिहा. आमचे नाना आता पंच्याहत्तरीला आलेत.